बारा पावलं जमीन

अर्सेलियोने ढिगातला एक प्रवाळाचा दगड उचलला, उलटापालटा करून पाहिला आणि परत होता तिथेच ठेवला. सकाळपासून त्याचं हेच चाललं होतं. ढीग घराच्या मागे, अगदी पाण्याला लागून होता. बाहेरच्या खडकावर बुड्या मारून, एकेक दगड सुटा करून त्याने चार महिन्यांत तो होडीतून आणला होता. एवढ्या दगडांत पाच पावलं जमीन सहज झाली असती.

त्याची बायको नागेगा दारात बसून पोलक्यावर लावायची रंगीत कापडांची मोला शिवत होती. वर न बघता ती म्हणाली,

"मोजून दगड वाढत नसतात."

"मोजत नाहीये. बघतोय."

"काल सभेत बघायचं होतंस."

काल सभाघरात साइलाने, म्हणजे आमच्या गावप्रमुखाने, आपल्या झुल्यात बसून निर्णय सांगितला होता. यापुढे खडकावरून कुणी एकही दगड काढायचा नाही. आधीच काढून आणलेल्या दगडांचं काय करायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं. हे म्हणताना त्याने अर्सेलियोकडे पाहिलं नाही, म्हणून बाकी सगळ्यांनी पाहिलं.

बेटावरचा सगळ्यात मोठा ढीग त्याचा होता आणि सगळ्यात पक्की भिंतही त्याचीच. पनामाच्या या बेटांवर आम्हा गुना लोकांत लग्न झालं की नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. अर्सेलियो आला तेव्हा नागेगाच्या घरामागे लगेच समुद्र होता. तीस वर्षं खपून, पाण्यात भिंत घालून आणि आत भर टाकून त्याने तिथे बारा पावलं जमीन केली. चुना नाही, सिमेंट नाही, दगडात दगड असा बसवलेला की फटीत नखही जाऊ नये. पनामा शहरातून आलेला एक इंजिनियर त्या भिंतीवर उड्या मारून बघून गेला होता, ही गोष्ट अर्सेलियो येईल त्याला ऐकवायचा. खरं सांगायचं तर आम्हीही पाहुण्यांना ती भिंत दाखवायला न्यायचो.

आता धाकट्या मुलीचं, दालिसचं लग्न बारा दिवसांवर आलं होतं. थोरली मुलगी, तिचा नवरा आणि चार पोरं आधीच घरात दाटीवाटीने झुले बांधून राहत होती. नव्या जावयाला जागा झाली नाही तर दालिस त्याच्याबरोबर शहरात जाणार आणि परक्यांची धुणीभांडी करणार, या विचाराने अर्सेलियोने चार महिने दगड जमवले होते. पाच पावलं जमीन आणि तिच्यावर एक खोपटं, एवढंच त्याला हवं होतं.

"समुद्र काय मी चढवला?" तो एकदम उसळला. "बेटावर एक गाडी नाही. ज्यांच्या धुराने पाणी चढतंय, त्यांना जाऊन सांग म्हणावं साइलाला."

"चढवला त्यांनीच. त्यांच्या नावाने मी रोज बोटं मोडते," नागेगा म्हणाली. "पण लाट अडवायला बाहेर खडकाचं आपलं कुंपण होतं. ते कुणी मोडलं?"

गेल्या डिसेंबरात उत्तरेचा वारा सुटला, तेव्हा खडकातल्या खिंडारातून लाट सरळ आत आली होती. शाळेत गुडघाभर पाणी भरलं, म्हाताऱ्या ब्राउलियोची चूल वाहून गेली. आपापलं अंगण वाढवायला प्रत्येक घराने त्याच जागेवरून दगड काढले होते, जवळ पडतं म्हणून. सगळ्यात जास्त कुणी काढले, तेही बेटाला ठाऊक होतं. अर्सेलियोच्या तोंडावर कुणी बोलत नव्हतं, इतकंच.

"मेलेला दगड परत टाकला म्हणून जिवंत होतो का?" त्याने हळूच विचारलं.

"नाही होत. पण लाट अडवतो. तुझी भिंत नाही का अडवत?"

तो उठला, होडी ओढून जवळ आणली आणि पहिला दगड तिच्यात ठेवला.

"दालिसला काय सांगू?"

"ते तूच सांग. मी सांगितलं तर तुझा मोठेपणा कसा दिसणार?"

दालिसला त्याने संध्याकाळी सांगितलं. "जागा काही होत नाही, पोरी," एवढंच. तिने त्याच्या हाताच्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं आणि त्याच्यासाठी मासे आणि केळ्यांचं कालवण वाढलं.

रोज सकाळी तो होडी भरून खिंडारापाशी जाऊ लागला. दगड नुसते फेकायचे त्याला जमेना. बुडी मारून तो एकेक दगड खाली बसवायचा, भिंतीत बसवावा तसा. पहिल्या दिवशी शेजारचा एर्मेलिंदो आपल्या होडीतून ओरडला,

"काय अर्सेलियो, या वयात समुद्राच्या घरी जावई म्हणून गेलास की काय?"

तिसऱ्या दिवशी एर्मेलिंदोच्या होडीतही दगडांच्या दोन टोपल्या होत्या.

अकराव्या दिवशी ढीग संपला. खिंडार अर्धंच बुजलं होतं. अर्सेलियो घरामागच्या भिंतीवर जाऊन उभा राहिला, टाचेने एक दगड दाबून पाहिला आणि आत आला.

लग्न रीतीप्रमाणे झालं. नवरा मुलगा निकानोर दोनदा पळाल्यासारखं करून तिसऱ्यांदा मित्रांच्या हाती लागला. त्यांनी त्याला उचलून आणून दालिसच्या झुल्यात टाकला आणि सगळं घर खदाखदा हसलं. झुला थोरलीच्या झुल्याशेजारी, चुलीच्या अंगाला बांधला होता. अर्सेलियो हसला, पण त्याची नजर त्या अरुंद जागेवरून हलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी निकानोर रीतीप्रमाणे पलीकडच्या किनाऱ्यावरच्या रानात गेला आणि दुपारी लाकडांची होडी भरून परतला. लाकडं सासूच्या पुढ्यात उतरवली. नागेगाने त्यातलं एक उचलून चुलीत सारलं. जावई पसंत होता. आता हा शहराचं बोलणं काढणार, म्हणून अर्सेलियो मन घट्ट करून बसला.

"मामा, पहार कुठे आहे?" निकानोरने विचारलं.

"पहार कशाला?"

उत्तर मागच्या बाजूने आलं. दोघं मागे गेले, तर दालिस रिकामी होडी भिंतीला लावून उभी होती.

"बाबा, खिंडार अजून अर्धं उघडंच आहे."

"ही माझी भिंत आहे, दालिस."

"तुझी आहे म्हणून तर विचारतेय. नको म्हणालास तर एक दगड नाही काढणार."

"आणि तुम्ही दोघं राहणार कुठे?"

"इथेच. झुल्याला जमीन लागत नाही बाबा, दोन खांब लागतात. शहरात जायचं असतं तर याने एवढी लाकडं कशाला आणली असती?"

जाणारे-येणारे थांबले होते. एर्मेलिंदो वल्हं हातात धरून तसाच उभा राहिला होता. अर्सेलियो भिंतीकडे बघत होता आणि भिंतीच्या टोकाला उभ्या असलेल्या आपल्या मुलीकडे. इंजिनियर भिंतीवर उड्या मारत होता, त्या दिवशीही त्याला इतका अभिमान वाटला नव्हता. त्याने होकाराची मान हलवली.

निकानोरने पहार घेतली आणि भिंतीच्या मधोमध, सगळ्यात खालच्या दगडाला लावली.

"थांब!"

सगळे दचकले. अर्सेलियो पुढे झाला आणि त्याने जावयाच्या हातून पहार काढून घेतली.

"मधून काढशील तर घर अंगावर येईल. कोपऱ्यापासून सुरू करायचं. कोपरा मी शेवटी बसवला होता."

तो चालत कोपऱ्यापर्यंत गेला, पाय रोवून उभा राहिला आणि पहार मारली. ती आत शिरली नाही. दुसऱ्यांदा मारली, तरीही नाही.

"बघितलंस?" तो जावयाला म्हणाला, आणि पहार पुन्हा उचलली.