अंगात नसलेले जॅकेट

मी एक जुनी कयाक आहे, म्हणजे एका माणसापुरती होडी. लांबी दहा फूट. रंग एकेकाळी हिरवा होता, आता इतके ऊन खाल्ले आहे की त्याला काय म्हणावे ते मलाही कळत नाही. मित्रांनो, लाकडी होड्या आपल्या झाडाबद्दल आणि सुताराबद्दल किती तरी सांगतात. माझ्याजवळ तसे काही नाही. कारखान्यात प्लास्टिकची भुकटी साच्यात ओतली, साचा भट्टीत गरगर फिरवला आणि मी बाहेर आले. एका कामगाराने मला बुक्की मारून पाहिली आणि "ठीक आहे" म्हणाला. तेवढेच माझे बारसे.

मर्विन नावाच्या पोस्टमनने मला विकत घेतले आणि अलाबामातल्या एका धरणाच्या तळ्यावर नेले. तिथे सनफिश असतात. मासा तळहाताएवढाच, पोटाला नारिंगी, पण गळाला लागला की काठी अशी वाकवतो की वाटावे मगर लागली. मर्विन त्यांना खोट्या माशीने पकडायचा. बुचाच्या तुकड्याला पिसे आणि रबराचे पाय बांधून ती माशी तो स्वतः करायचा. काठी मागे-पुढे हलवायची, लांब दोरी डोक्यावरून फिरवायची आणि माशी अलगद पाण्यावर ठेवायची. मी उथळ पाण्यातून आवाज न करता सरकायचे. "ही होडी माझ्या बायकोपेक्षा शहाणी, मधे बोलत नाही," असे तो सगळ्यांना सांगायचा. मला ते फार आवडायचे.

पण एक गोष्ट मला तेव्हापासून टोचत होती. या मासेमारीत सुटी दोरी मांडीवर पडलेली असते आणि ती लाइफ जॅकेटच्या बकलात नेमकी अडकते. म्हणून त्या तळ्यावर सगळ्यांनी एक युक्ती काढली होती. जॅकेट काढायचे, घडी घालायची आणि बुडाखाली घेऊन बसायचे. कायद्याने जॅकेट होडीत हवे, आणि ते होडीतच असायचे.

एका हिवाळ्यात मर्विन दवाखान्यात गेला तो परत आला नाही. मी तीन वर्षे शेडमध्ये पालथी पडून होते. पोटात गांधीलमाश्यांनी घर केले. एक दिवस त्याची बायको ओर्लीन आली, झाडूने त्यांना हुसकून लावले आणि मला पाण्यावर घेऊन गेली. वय एकाहत्तर. तिची मुलगी रोवेना धरणाजवळच्या उपाहारगृहात काम करायची. तिने आईला पिवळे जॅकेट आणले आणि कॉलरच्या आत स्वतःचा फोन नंबर लिहिला. ओर्लीनने ते पहिल्याच दिवशी घडी घालून बुडाखाली घेतले.

त्याच वर्षी मे महिन्यात ओर्लीन आणि तिचा धाकटा भाऊ वेंडेल दोघे तळ्यावर आले. वेंडेलची निळी कयाक माझ्या शेजारून चालत होती.

"वेंडेल, काकडी चिरल्यासारखा वास येतोय का?"

"मला तुझ्या सँडविचचा येतोय."

"तुझं नाक काय कामाचं! इथंच घरटी आहेत त्यांची."

खरेच होती, घरट्यांजवळ पाण्याला तसाच वास येतो. सनफिशचे नर तळाच्या वाळूत बशीएवढे खळगे करून त्यावर पहारा देत होते. ओर्लीनने नांगर सोडला. नांगराची दोरी होडीच्या टोकाला बांधायची असते, म्हणजे होडी वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते. पण टोकापर्यंत पुढे वाकायला तिचा गुडघा तयार नव्हता. तिने दोरी हाताशी असलेल्या बाजूच्या कडीला बांधली, पक्क्या दोन गाठी मारून. अशाने वारा थेट कुशीवर बसतो. या तळ्याच्या पोटात बुडालेले जंगल आहे आणि नांगर जुन्या बुंध्याच्या मुळांत जाऊन बसला आहे, हे मला दोरीतून कळत होते.

तीनच्या सुमाराला पश्चिमेकडचे आकाश काळेनिळे झाले.

"चल, निघू या," वेंडेल म्हणाला.

"आत्ता कुठं खायला लागलेत. ढग आले की खातातच. एक धरते आणि निघते."

"तुझं एक म्हणजे सात."

तिने सातही धरले, आणि घरट्यावरचे नर म्हणून सातही परत सोडले. तेवढ्यात वारा आला. तो एकदम आला आणि थेट माझ्या कुशीवर आला. मला टोक फिरवून त्याला तोंड द्यायचे होते, पण कडी मला कुशीलाच धरून ठेवत होती. प्रत्येक लाटेबरोबर दोरी ताणायची, माझी एक कड खाली जायची आणि घोटभर पाणी आत यायचे. ओर्लीनने गाठ सोडायला घेतली. ओली गाठ दगडासारखी झाली होती. तिच्या गळ्यात एक छोटी चिमटा-कात्री होती, पण ती केसासारखा धागा कापणारी. नांगराच्या दोरीवर कात्रीचे व्रण उमटले, एवढेच.

"जॅकेट घाल," वेंडेल ओरडला. तो साठ-सत्तर हातांवर होता आणि वारा त्याला मागे रेटत होता.

ती जॅकेटवरच बसली होती. ते ओढायला तिने कंबर उचलली, भार एका बाजूला गेला आणि मी आडवी झाले. मित्रांनो, मला हे सांगताना आजही लाज वाटते. तिला तरंगवणे एवढेच माझे काम होते.

ओर्लीन पाण्यात पडली. मासे धरायची दोरी तिच्या पायांना गुंडाळली गेली. पिवळे जॅकेट सुटले आणि लाटांवरून पळू लागले. ते दोन हातांवर होते, मग पाच हातांवर. तिने माझी कड सोडली आणि त्याच्याकडे हात टाकला.

"ते जाऊ दे. होडी धर. ओर्लीन, होडी धर!"

एक क्षण तिचे डोके दिसेना. मग तिची बोटे माझ्या कडेवर आली. मी अर्धी पाण्याखाली होते, नांगर मला खाली ओढत होता, आणि ती मला धरून होती. माझ्यात धरण्यासारखे फारसे उरले नव्हते. वर वीज कडाडली.

"वेंडेल, पाय हलत नाहीत रे."

"नको हलवूस. धरून राहा. मला शिव्या दे हवं तर, पण धरून राहा."

"त्या तर सवयीनं देतेच आहे."

तिचा आवाज बारीक होत चालला होता. वेंडेल वल्हे मारत आला आणि मासे साफ करायच्या सुरीने त्याने नांगराची दोरी कापली. मी झटक्याने वर आले. तिच्या पायांभोवतीची दोरीही त्याने कापली. मग तिने एका हाताने त्याच्या कयाकचे शेपूट धरले, दुसऱ्या हाताने मला.

"ती सोड आता."

"मर्विनची आहे."

वारा आम्हाला पलीकडच्या काठाकडे ढकलत होता, तिकडेच वेंडेल वल्हवत राहिला. अर्धा तास लागला.

काठावर रोवेना उभी होती. उपाहारगृहाचा एप्रन तसाच, चिंब भिजलेली. हातात ते पिवळे जॅकेट. ते आमच्या कितीतरी आधी काठाला लागले होते आणि कुणीतरी कॉलरवरचा नंबर फिरवला होता.

तिने आईला चिखलातून वर ओढले. रडली नाही. आईचे हात जॅकेटमध्ये घातले आणि एकेक बकल लावू लागली. पहिले बकल तीनदा निसटले.

"रोवेना, मी जमिनीवर आहे गं आता."

"माणूस म्हणाला, जॅकेट सापडलंय. मी विचारलं, आत कोण आहे. तो म्हणाला, कुणीच नाही." तिने शेवटचे बकल लावले. "गप घालून राहा, आई."

वेंडेलने एकदा भाचीकडे पाहिले, आपल्या कयाकमध्ये वाकला, बुडाखालचे कोरडे जॅकेट काढले आणि कोणी काही म्हणायच्या आत अंगात चढवले.

मित्रांनो, आम्ही होड्या मन लावून काम करतो, पण आम्हीही कधी आडव्या होतो. त्या वेळी आमच्यावर विसंबू नका. जॅकेटने दोरी अडकते, उकडते, एखादा मासाही सुटतो. सुटू द्या. होडीत पाय ठेवण्याआधी ते अंगात घाला आणि सगळी बकले लावा. तुमच्या घरच्यांना रिकामे जॅकेट सापडल्याचा फोन जाऊ नये, एवढेच या जुन्या कयाकचे मागणे आहे.