स्टुलाची जागा

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं म्हणतात. चिरंजीवांनी पाय पोटाशी घेतले आणि उरलेलं अंथरूण विकायला काढलं. कारखान्यात त्याच्या पाळ्या निम्म्या झाल्या, पगार निम्म्यावर आला, आणि त्याच आठवड्यात घराला नवा कायदा लागू झाला. प्रत्येक वस्तूला एक लाल स्टिकर. वस्तू वापरली की स्टिकर काढायचा. महिनाअखेरीला ज्याच्या अंगावर स्टिकर उरेल, ते घराबाहेर. दिवा एकच, तोही माणूस असेल त्या खोलीत. पंखा फक्त पाहुण्यांसाठी. पुढे पाहुणेच यायचे बंद झाले, तेवढीच आणखी बचत.

या कायद्याची खरी धास्ती घेतली ती त्याच्या वडिलांनी. कारण बाबांना दिसत नव्हतं, आणि हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

उभा जन्म बस चालवलेला माणूस. पण दोन वर्षांपासून नजर कडांनी आटत चालली होती, आणि आता तर समोरचं माणूसही धुक्यात उभं असल्यासारखं वाटे. आज सांगू, उद्या सांगू करत राहून गेलं. मग एकदा भिंतीपलीकडून मुलाचा आवाज आला. बाबांना काही महिने आत्याकडे ठेवता येईल का, असं तो सुनेला विचारत होता. सून काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. धडधाकट असताना ही गत, तर आंधळ्याला कोण ठेवून घेणार? बाबांनी मूठ झाकलेलीच ठेवली.

घरात ते बसच्या मार्गावर चालावं तसं चालत. खाटेवरून उठलं की खोलीच्या दाराबाहेर स्टूल, हा पहिला थांबा. तिथून हात लांब केला की लोखंडी कपाट. कपाट संपलं की फ्रीजची घरघर, म्हणजे आलं स्वयंपाकघर. अडखळलेच, तर अंधारात दिसलं नाही म्हणायची सोय होती. मुलाच्या काटकसरीने त्यांचं बिंग झाकलं होतं खरं, पण तीच काटकसर आता एकेक थांबा उचलून नेत होती.

म्हणून म्हातारपणी बाबा चोऱ्या करायला लागले. घरात कुणी नसलं की स्टुलावरून, कपाटावरून बोटं फिरवायची, स्टिकर लागला की नखाने खरवडून काढायचा आणि कचऱ्याच्या डब्यात टाकायचा. स्टूल कोण वापरतं, असं मुलाने विचारलं की सांगायचं, मी, पाय टेकवायला. आणि कपाट? तेही मीच, उगाच उघडून बघतो. सून हसे. त्या हसण्यात माया होती की कंटाळा, हे चेहरा बघून कळलं असतं. नुसत्या आवाजावरून काही उमगत नसे. परवा एक स्टिकर बोटांतून निसटला, तो चाचपून चाचपून सापडला नाही, तर त्या काळजीने त्यांना दुपारभर डोळा लागला नाही.

आणि मग स्टिकर नसतानाही फ्रीज गेला. रात्रंदिवस वीज पितो, असं मुलाचं म्हणणं. टेम्पो आलाच आहे म्हणून कपाटही गेलं. स्टूल उद्याच्या खेपेसाठी बाहेरच्या दाराशी नेऊन ठेवलं, बसायला खाट आहे ना, असं म्हणत. बाबा खाटेवर बसून सगळं ऐकत राहिले. सुपातल्याने जात्यातल्याकडे बघावं, तसं.

संध्याकाळी सदऱ्याची बाही खाली करताना कोपराजवळ बोटाला काहीतरी गोल, गुळगुळीत लागलं. बोटांना ते पक्कं ओळखीचं होतं. परवा निसटलेला स्टिकर तो हाच, हे बाबांच्या डोक्यातच आलं नाही. भ्यालेल्या माणसाला असला हिशेब सुचत नाही. त्यांना एवढंच कळलं, की आता आपल्यालाही लावला. राग आला नाही. लाज वाटली, फार लाज वाटली.

काढून टाकण्यापेक्षा आपण होऊन गेलेलं बरं. त्यांनी पिशवीत दोन सदरे आणि गोळ्या भरल्या आणि ते खोलीबाहेर आले. सवयीने हात स्टुलाकडे गेला, तर स्टूल नाही. चार पावलं टाकली, कपाट नाही. कान टवकारले, घरघरही नाही. ते वळले, पुन्हा वळले, आणि आपली खोली कुठल्या बाजूला राहिली तेही त्यांना सांगता येईना. स्वतःच्या घरात बाबा वाट चुकले.

"बाबा, पिशवी घेऊन कुठे निघालात?" मुलाचा आवाज अगदी जवळून आला.

"आत्याकडे. महिना संपायची वाट कशाला बघायची?" त्यांनी कोपर पुढे केलं. "लावलास ते कळलं मला."

"मी नाही लावला. कुठूनतरी चिकटला असेल."

"असू दे. तेवढा दिवा लाव म्हणजे झालं. अंधारात दार सापडेना."



"बाबा, दिवा लागलाय. तुम्ही दिव्याखालीच उभे आहात."

बाबांच्या हातातून पिशवी सुटली. आता काही झाकायचं उरलं नव्हतं. केव्हापासून, असं मुलाने विचारलं. झाली दोन वर्षं, असं ते म्हणाले आणि खाली मान घालून उभे राहिले.

"आत्याचं मी एकदाच बोललो होतो," मुलगा म्हणाला. "तुमच्या सुनेने तिथल्या तिथे झापलं मला."

मग कोपराजवळ त्याचं नख लागलं, हलकेच, आणि स्टिकर निघाला. पावलं बाहेरच्या दाराकडे गेली. काहीतरी फरशीवरून घासत येऊ लागलं आणि जवळ येऊन थांबलं. त्याने बाबांना दंडाला धरून खोलीच्या दाराशी नेलं.

"इथेच होतं ना?"

बाबांनी हात पुढे केला. बोटं जेमतेम कडेला लागली.

"थोडं डावीकडे," ते म्हणाले.