मोटरीचं अंडं

“अटक केलीय की नुसतं चौकशीला नेलंय, ते आधी विचारा काकू. रडायचं ते मग.”

शेजारची सावित्री दोन अंगणांमधल्या दगडी गडग्यापलीकडून बोलत होती. तिचा भाऊ कोर्टात शिपाई, त्यामुळे कायदा तिच्या जिभेवर. “अटक असली तर कारण सांगायलाच लागतं. किती वाजता केली ते विचारून घ्या. तिथून चोवीस तासांच्या आत कोर्टापुढं उभं करायला लागतं. वकील नसला तर सरकारी मिळतो, फुकट. कोऱ्या कागदावर सही करू नका. आणि केरूदादाच्या बीपीच्या गोळ्या न्या, डॉक्टरच्या चिठ्ठ्यांसकट.”

“आणि भाकरी गो?”

“न्या. देऊ देतील की नाय ते तिथं कळेल.”

माझा मुलगा केरू पाण्याचे पंप दुरुस्त करतो. पंचेचाळीशीचा झाला, लग्न केलं नाही. मोटरीशी बोलतो, माझ्याशी नाही. सकाळी “येतो”, संध्याकाळी “वाढ”. दिवसाचे दोन शब्द, ते मी पुरवून पुरवून वापरते.

मंगळवारी दुपारी गावातल्या आप्पांच्या आंब्याच्या कलमांच्या बागेतली, विहिरीवरची मोटर चोरीला गेली. आणि केरूने मोटर आणली असं गावात सांगत फिरणारी एकच बाई होती. मी.

झालं असं, की बुधवारी गिरणीवर ही गर्दी. दळण होईस्तोवर बायकांना कुठं जाता येत नाही, मग ऐकतात. आमच्या पडवीत दुरुस्तीला आलेली एक मोटर होती. मी म्हटलं, “काल आमच्या केरूने विहिरीत बुडी मारली आणि अख्खी मोटर काखेत घालून वर आला. जिवंत होती गो! आता पडवीत बसते नि रोज एक अंडं घालते.” बायका पीठ सांडेस्तोवर हसल्या. याआधी मी बिबट्याला ताक पाजलंय, जयगडच्या खाडीत बोटीला शेपटी फुटलेली बघितलीय. त्यातलं काही कोणी पोलिसांना कळवलं नाही. हे मात्र कळवलं.

ठाण्यात केरू बाकड्यावर बसला होता. माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

“अटक नाय आजी, चौकशी चाललीय,” हवालदार म्हणाले. दर्शन नाव त्यांचं. “तुमचा जबाब घ्यायला आम्हीच घरी येणार होतो. बाईमाणसाला त्यासाठी ठाण्यात बोलवत नाहीत.”

“आधी सांगायचंत! चहा टाकून बसले असते. आमच्याकडे कोण येतंय कधी?”

ते हसले. मग कागद पुढं ओढला. पडवीतली मोटर आपली, आपणच दुरुस्तीला दिलीय असं जयगडच्या मुसाने त्यांना फोनवर सांगितलं होतं, मोटरीच्या नंबरचा फोटोही पाठवला होता. “पण विहिरीतून काढली ती दुसरी असली तर? मंगळवारी केरू कुठं होता?”

“तापाने फणफणला होता. दुपारभर दवाखान्यात सलाईन. त्याला तांब्या उचलवत नव्हता, मोटर कुठली उचलतोय!”

“आणि ती बुडी?”

“खोटी.”

“आजी, तुमचं नेमकं खरं कुठलं धरू?”

पिशवी त्यांच्यापुढं उपडी केली. गोळ्या, भाकरी, चिठ्ठ्या. वरचीच चिठ्ठी मंगळवारची, दवाखान्याचा शिक्का मारलेली. त्यांनी ती दोनदा वाचली, दवाखान्यात फोन लावला.

फोन ठेवून म्हणाले, “मग गिरणीवर असं बोललात कशाला?”

मी चेष्टा करणार होते. जमली नाही. “घरात बोलायला कोण नाय,” मी म्हटलं. केरू तिथंच बसला होता.

त्यांनी तेही लिहिलं. मी सही कुठं करू विचारलं, तर म्हणाले, पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते. वाचून दाखवतो, ते नीट ऐका. आणि मोठ्याने वाचलं, ‘घरी बोलण्यास कोणी नसल्याने सदर हकीकत मनाने रचून सांगितली.’ सत्तर वर्षं झाली मला. एका ओळीत बसले.

दुपारी केरूला सोडलं. एसटीत तो खिडकीशी, मी कडेला. अख्ख्या वाटेत त्याने एकदाच विचारलं, “भाकरी खाल्लीस?”

पुढच्या बुधवारी गिरणीवर सगळ्या माझी वाट बघत होत्या. “काय गो काकू, ठाण्यात काय झालं?” केवढी गोष्ट झाली असती!

“काय नाय. जबाब झाला.” पीठ घेतलं नि निघाले.

घरी आले तर पडवी मोकळी. केरू मोटर घेऊन जयगडला गेला होता. जमिनीवर तेलाचा गोल डाग तेवढा राहिला होता. त्या डागावर सावित्रीची कोंबडी बसली होती. मला बघून उठली, अंग झटकलं आणि गडग्यावरून पलीकडे गेली.

खाली अंडं होतं. गरम.

मी गडग्यापर्यंत गेले. सावित्री अंगणात सुकट निवडत होती. तिने वर बघितलं. “काय काकू?”

“काय नाय,” म्हटलं.

केरूला जेवताना तेच तळून वाढलं. कुठून आलं ते त्याने विचारलं नाही.