कोचची राखाडी गाडी

आमच्या कपाटामागे खोकी आहेत. घडी घालून, सुतळीने बांधून, भिंतीला टेकवून ठेवलेली. पाहुणे ती बघतात आणि विचारतात, नुकतेच राहायला आलात वाटतं? मग सांगावं लागतं की नाही हो, तिसरं वर्ष आहे. बास्केटबॉल खेळणाऱ्याच्या बायकोने खोकी टाकायची नसतात. मी एकदा टाकली होती. पुढच्याच उन्हाळ्यात नवऱ्याचा संघ बदलला आणि मला दुकानदाराच्या विनवण्या करून साबणाची खोकी आणावी लागली. आमच्या चादरींना वर्षभर साबणाचा वास येत होता. तेव्हापासून मी खोकी जिवापाड जपते. प्रत्येकावर माझ्या अक्षरात लिहिलंय: भांडी, पांघरुणं, सासूबाईंचं, ठकीची पुस्तकं.

ठकी म्हणजे आमची लेक. मागच्या गावात नव्या शाळेच्या पहिल्या दिवशी ती घरी आली आणि दप्तर ठेवता ठेवता म्हणाली, मी इथे मैत्रीण करणार नाहीये, परत सोडूनच जायचंय ना. रडली नाही, काही नाही. हात धुतले आणि जेवायला बसली. मी मात्र न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं. इथेही पहिलं वर्ष तिने एकटीनेच काढलं. मग समोरच्या इमारतीतली एक दोन वेण्यांची पोरगी कशी कोण जाणे हिच्या मागे लागली आणि आता दोघी मिळून आमच्या बाल्कनीत टबामध्ये गोगलगायी पाळतात. मला त्या बघूनच शिसारी येते. पाठीवर घर घेऊन हिंडणारी माणसं घरात आहेत ती काय कमी होती! पण मी एका शब्दाने बोलत नाही. त्या गोगलगायींना मी स्वतः कोबीची पानं आणून घालते.

तर या वर्षी नवऱ्याचा करार संपत होता. संघातली पोरं त्याला मामा म्हणतात, कारण पस्तिशीला टेकलेला तो एकटाच. मामा आता पहिल्या पाचांत नसतो. सामना हातातून निसटायला लागला की त्याला बेंचवरून उठवतात, तो जातो, पोरांना जागेवर आणतो, चार शहाणे पास देतो आणि परत येऊन टॉवेल डोक्यावर घेऊन बसतो. हंगाम संपला की क्लब ठरवतो कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, कोणाच्या बदल्यात कोणाला आणायचं. पेपरवाले त्याला संघबांधणी म्हणतात. बांधत असतील ते. मोडतोड सगळी आमच्या घरात होते.

त्यातून मामाचा उजवा गुडघा. ते आमचं घरातलं गुपित. रोज दुपारी तो गावाच्या पार दुसऱ्या टोकाला असलेल्या तलावावर पोहायला जायचा, कारण जवळच्या तलावावर क्लबचं कोणीतरी भेटलं असतं आणि पाण्यातून बाहेर पडताना तो कसा लंगडतो ते बघितलं असतं. करार होईपर्यंत गुडघ्याचा ग सुद्धा काढायचा नाही, अशी आम्हा सगळ्यांना ताकीद होती. सासूबाई तर फोनवर स्वतःच्या गुडघ्याबद्दलही बोलेनाशा झाल्या.

आता कोचबद्दल सांगते. इतर क्लबांत ऑफिसातून फोन येतो आणि विषय संपतो. आमच्या कोचची रीत वेगळी. ज्याला ठेवायचं त्याला ऑफिस कळवतं, पण ज्याला सोडायचं त्याच्या घरी कोच स्वतः जातो. राखाडी गाडी दाराशी लावतो, वर येतो, बसत नाही, पाणीही घेत नाही. उभ्या उभ्या दोन वाक्यांत सांगतो, हात हातात घेतो आणि निघतो. माणूस सरळ आहे, कबूल. पण कोच दारात आला म्हणजे खेळ खलास, हे संघातल्या प्रत्येक बायकोला पाठ आहे.

आणि आम्ही बहुतेक सगळे स्टेडियममागच्या दोन गल्ल्यांतच राहतो. त्यामुळे त्या दिवसांत आम्हा बायकांच्या फोनवरच्या गटात दुसरा विषय नसतो. गाडी निघाली. गाडी सिग्नलला. गाडी आमच्या गल्लीत शिरली, देवा. गाडी पुढे गेली, हुश्श. एखादीच्या दारात थांबली की मग ती बाई गटावर गप्प होते आणि आम्हीही तिला काही विचारत नाही.

त्या दिवशी दुपारी मी कांदा चिरत होते, सासूबाई टेबलाशी शेंगा सोलत होत्या आणि फोन वाजला. गाडी निघाली. मामा तलावावर, ठकी बाल्कनीत. मी सुरी खाली ठेवली. गाडी आधी उंच्याच्या दारात थांबली. उंच्या म्हणजे आमचा सगळ्यात लांबडा खेळाडू. त्याची बायको गप्प झाली. मग यंदाच संघात आलेल्या नव्या पोराच्या घरी. तिथूनही काही बातमी नाही. मग गाडी कर्णधाराच्या दारात थांबली. कर्णधाराला कोण काढतं? त्याला काढायचं म्हणजे छपराचा वासाच काढायचा. मी गटावर विचारलं, काय झालं गं? कर्णधाराच्या बायकोने नुसतं एवढं लिहिलं, तुझ्याकडेच येतायत.

सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, दारच उघडू नकोस. जणू काही दार उघडलं नाही तर करार आपोआप होणार होता. खरं सांगते, क्षणभर मलाही ते पटलं. मग बाल्कनीतून ठकी मैत्रिणीला हाका मारून सांगत होती की एका गोगलगायीने अंडी घातलीत, ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू. म्हटलं, येऊ देत. या वेळी उभ्या उभ्या दोन वाक्यांत नाही जायचं. या वेळी आधी मी बोलणार.

कोच दारात आला. केस विसकटलेले, हातात गाडीची किल्ली. "वहिनी, मामा आहे का?" त्याने विचारलं. मी म्हटलं नाही, पण तुम्ही आत या आणि बसा. तो आला आणि खरंच बसला. पाणी दिलं तर पेला रिकामा केला. एरवी मला ते खटकलं असतं, पण माझ्या तोंडाचा पट्टा सुटला होता.

मी त्याला काय काय ऐकवलं ते आता आठवलं तरी कान गरम होतात. म्हटलं, तो हळू झालाय हे आम्हालाही दिसतं, आंधळे नाही आम्ही. पण तुमची ती पळणारी पोरं दमली की चेंडू कोणाच्या हातात देता? नवं पोर घरच्या आठवणीने रडत होतं तेव्हा महिनाभर कोणाच्या घरी जेवत होतं? या घरी. म्हटलं, माझ्या लेकीला आत्ता कुठे एक मैत्रीण मिळालीय आणि तुम्ही किल्ली फिरवत येऊन दोन वाक्यांत तिचं सगळं उचलून टाकणार. कोच मध्ये दोनदा "वहिनी" म्हणाला. मी त्याला बोलू दिलं तर ना. बोलायच्या ओघात मी म्हणून गेले, "आणि तो गुडघा! तुमच्यासाठी सुजलेला गुडघा बांधून खेळलाय तो वर्षभर, बर्फ लावून रडलाय, पण कधी सुट्टी मागितली?"

सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "झालं," त्या म्हणाल्या. "उरलंसुरलं तूच उरकलंस."

नवऱ्याने पोटात दडवलेली गोष्ट मी ज्याच्यापासून लपवायची त्याच्याच समोर मांडून ठेवली होती. कोचने किल्ली टेबलावर ठेवली.

"वहिनी, मामाला काढलेलं नाही," तो म्हणाला. "मला काढलंय."

कोच मग सावकाश सांगत गेला. तासाभरापूर्वी क्लबच्या मोठ्या साहेबांचा फोन आला, तेव्हा तो गाडीत पेट्रोल भरत होता. नवा हंगाम, नवा कोच, आभारी आहोत, एवढंच. मागची गाडी हॉर्न वाजवत होती म्हणून त्याने नळी जागेवर ठेवली आणि तिथून निघाला तो थेट पोरांच्या घरी. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी प्रत्येकाला स्वतः सांगायचं म्हणून. सगळ्यांना त्याने विनंती केली होती की पुढच्या घरी मीच सांगेन, तुम्ही कळवू नका. म्हणून बायका गप्प होत्या.

"आणि आमचे हे?" मी विचारलं.

तो म्हणाला, संघ कालच ठरला. दोन हंगामांचा करार आहे, क्लबची सही झालीय, येणाऱ्या कोचलाही तो बदलता येणार नाही. ऑफिसातून फोन संध्याकाळी येईल. "काही झालं तरी कोणाला सोडायचं नाही, असं मला विचारलं होतं," तो म्हणाला. "मी मामाचं नाव सांगितलं. तिथे माझं ऐकलेलं तेच शेवटचं."

मी चाचरत गुडघ्याचं विचारलं. तो पहिल्यांदाच हसला. म्हणे, "बसमधून तो तिरका होऊन उतरतो, वहिनी. गेल्या वर्षापासून बघतोय. डॉक्टरांना मीच सांगितलं, म्हणून तर त्याला शेवटची मिनिटंच खेळवायचो. त्याला वाटत होतं कोणाला माहीत नाही, मग मीही वाटू दिलं."

जीव भांड्यात पडणं मी आयुष्यभर ऐकत आले होते. माझा त्या दिवशी खरोखर पडला. हसू आलं, रडू आलं, आणि सगळ्यात जास्त लाज वाटली, कारण ज्याची नोकरी गेली तो माणूस समोर बसला होता आणि मला आनंद लपवता येत नव्हता. सासूबाईंनी मात्र वेळ साधली. त्याला विचारलं, सकाळपासून काही खाल्लंस का रे? अहोजाहो गळून पडलं. तो नाही म्हणाला. मी दोन अंडी फोडली, पाव भाजला, चहा टाकला. आमच्या घरात तो पहिल्यांदाच जेवला, आणि भुकेजलेल्या पोरासारखा जेवला.

खाता खाता तो म्हणाला, दुसऱ्या एका गावी काम मिळेल बहुतेक, पण क्लबच्या जागेचा ताबा लवकर द्यायचाय आणि घर आवरायचं कसं ते सुचत नाही. इतकी वर्षं लोकांना जायला सांगत आलो, स्वतः कधी सामान बांधलं नाही. हे त्याने गमतीत म्हटलं.

मी उठले आणि कपाटामागून खोकी ओढून काढली. सगळी. धूळ उडाली, सासूबाई शिंकल्या. "ही घ्या," मी म्हटलं. "भक्कम आहेत. भांडी खाली, पुस्तकं लहान खोक्यांत, नाहीतर उचलताना तळ फाटतो."

त्याने वरचं अक्षर वाचलं. ठकीची पुस्तकं. त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, काम झालं की परत आणून देईन.

"परत आणू नका," मी म्हटलं.

तेवढ्यात मामा आला. दारात कोचची गाडी बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, केसांतून अजून पाणी गळत होतं. आम्ही तिघेही एकदम बोलायला लागलो, मग कोचनेच त्याला सगळं सांगितलं, सवयीप्रमाणे उभं राहून. मामा ऐकत राहिला आणि मग त्याने कोचला मिठी मारली. एवढा मोठा माणूस वाकून हुंदके देत होता. स्वतःसाठी की कोचसाठी, मी विचारलं नाही.

खोकी खाली न्यायची होती. ठकी विचारायला आली, आपण चाललो का? मी म्हटलं, नाही गं, कोचकाका चाललेत. तिने माझ्याकडे नीट बघितलं, खात्री करून घेतली आणि एक गठ्ठा उचलून धावत पुढे गेली. मागून कोच. त्यांच्यामागे मामा, एका हातात खोकी, दुसऱ्या हाताने कठडा धरून, एकेक पायरी तिरका होत, सगळ्यांच्या देखत. किती दिवसांनी तो जिना असा निवांत उतरत होता.

मी वर येऊन कपाट पार भिंतीला सरकवलं. मग गटावर लिहिलं, गाडी आमच्या दारात आहे, माणूस जेवलाय, ज्यांच्याकडे अजून यायचाय त्यांनी त्याला चहा तरी द्या.