उपासाच्या दिवशीची कॅप्सूल

हडपसरच्या आमच्या घरात माझ्या शब्दाबाहेर चूलही पेटत नाही. त्या मला रुग्णालयात चाकांच्या खुर्चीत बसवून डॉक्टर नियाज यांनी विचारले, "आजी, औषध रोज घेतलंत ना?"

"मी आपली आजी नव्हे. आणि हो, रोज घेतले."

सात महिने औषध चालू असूनही मणक्यातला क्षय हटला नव्हता. दोन मणके कुजले होते, पू मज्जारज्जूवर दाबत होता आणि माझे पाय लाकडासारखे पडले होते. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया होती. पू काढायचा, कुजके हाड खरवडायचे, सळ्या बसवायच्या.

"रोज घेऊनही हे झालं असेल, तर जंतू या औषधाला दाद देत नाहीत. मग जहाल औषधं आली. कान जातील, मूत्रपिंडं जातील. पूची तपासणी होईल, पण तोवर काय द्यायचं ते आज ठरवायचंय." ते माझ्या सुनेकडे वळले. "औषध तुम्हीच देत होतात ना? हयगय केलीत?"

पद्मजाने माझ्याकडे पाहिले. मी पदर सारखा केला.

मग तिने पिशवीतून माझा पानाचा डबा काढला आणि टेबलावर उपडा केला. लाल कॅप्सूलच कॅप्सूल. सोमवार, गुरुवार, एकादश्या, सबंध श्रावण. कॅप्सूलचे आवरण जनावराच्या हाडांपासून करतात हे कळल्यापासून उपासाच्या दिवशी मी ती जिभेखाली धरून ठेवत असे आणि पद्मजा वळली की डब्यात टाकत असे.

"तुला हे केव्हापासून ठाऊक होते?"

"दिवाळीपासून, आत्याबाई."

"आणि तोंड शिवून बसलीस?"

"बोलले होते. 'माझ्या डब्याला हात लावशील तर लोणी गावाला, माहेरी पोचवीन,' म्हणालात. यांना सांगितलं, तर हे म्हणाले, आईच्या नादी कोण लागणार!"

माझा मुलगा संपत खिडकीबाहेर पाहू लागला. डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता कागदावर काही खोडले, काही लिहिले. "जुनंच औषध," ते म्हणाले. "या वेळी पोटात."

शस्त्रक्रियेनंतरचा पहिला सोमवार. पाठीत सळ्या, हलता येत नाही. पद्मजा कॅप्सूल आणि पाणी घेऊन उभी राहिली.

"आज उपास आहे."

"ठाऊक आहे."

मी गिळली. ती हलली नाही.

"जीभ उचला, आत्याबाई."

लग्न होऊन या घरात आल्यापासून मला असा हुकूम कोणी सोडलेला नाही. मी जीभ उचलून दाखवली. तिने वाकून, सावकाश, दोन्ही बाजूंनी पाहिले.

चादरीखाली माझ्या उजव्या पायाचा अंगठा सकाळपासून हलत होता. ते मी तिला सांगितले नाही.