सहा ते सव्वासहा

"काल लीलीचं तोंड अर्धंच आलं, देवमन. डोळे मिटले अन् तसेच राह्यले. मी भेलीच ना, बाप्पा!"

बडनेऱ्याच्या बोळीत इंदूबाईंच्या पलंगाशी उभा राहून देवमन राउटरचे दिवे पाहत होता. दिवे ठणठणीत होते. खुब्याचं हाड मोडल्यामुळे इंदूबाई दोन महिने उठलेल्या नव्हत्या आणि त्यांची धाकटी बहीण लीलाबाई अकोल्याला दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती. भेटायची वेळ सहा ते सव्वासहा. तेवढ्यातच इंदूबाईंचा भाचा अनुप व्हिडिओ कॉल लावून तिच्यापुढे फोन धरायचा. बोळीत मोबाइलला रेंज नाही, म्हणून सारी मदार देवमनच्या वायरीवर.

"डॉक्टर आजचाच दिवस म्हन्ते," इंदूबाई म्हणाल्या. "मले तिले नीट पाहू दे."

देवमन बावीस वर्षांचा मुरलेला लाइनमन. आधी केबल, मग इंटरनेट. कुणी ओरड केली की उत्तर तयार, "मांगूनच प्रॉब्लेम हाय, कंपनीकडून." झोपेतही हेच बरळला असता बेटा. खरं त्याला ठाऊक होतं. सोळा घरांच्या लाइनीवर केबलमालकाच्या सांगण्यावरून त्यानेच बेचाळीस घरं जोडली होती. सकाळी सगळं सुरळीत. संध्याकाळी सारे एकदम नेटवर बसले की प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर स्पीड. आज तर मॅच होती.

खांबावरच्या डब्यातून बाकीच्यांच्या वायरी गुपचूप उपसता आल्या असत्या. पुन्हा तेच उत्तर द्यायचं, की झालं. पण कालही त्याने इंदूबाईंना तेच सांगितलं होतं. त्याची त्यालाच लाज वाटली आणि तो शेजारच्या धर्मेंद्रच्या दारात गेला.

"भाऊ, सहाले पंधरा मिनटं नेट बंद ठेवा. इंदूमावशीले बहीण पाहाची हाय."

"आमच्या मॅचनं तिचं नेट अडते काय? तूच त म्हन्तं, मांगून प्रॉब्लेम हाय."

"खोटं बोलत होतो, भाऊ. लाइन एकच हाय. तिच्यावर बेचाळीस घरं मीच लटकवले."

"हरामखोर," धर्मेंद्र हळूच म्हणाला. मग उठून त्याने राउटरचं बटण बंद केलं, चपला घातल्या आणि देवमनसोबत पुढच्या दाराकडे निघाला.

सहाला फोन लागला. चित्र इतकं स्वच्छ, की लीलाबाईंच्या पांढऱ्या भुवयाही दिसत होत्या.

"लीले, तुह्या नाकातली चमकी कोनं काढली वं?"

ऑक्सिजनच्या पारदर्शक मास्कमुळे लीलाबाईंना बोलता येईना. त्यांनी सावकाश मूठ वर आणली, उघडली. तळहातावर चमकी होती. तांदळाच्या कणीएवढा तो खडा इथे बडनेऱ्यात लखलखला. इंदूबाई रडता रडता हसल्या.

सव्वासहाला देवमन बाहेर आला. नेट सुरू करा, हे सांगायचं होतं. बोळीतली माणसं आपापल्या पायरीवर उभी होती. कुणीच आत गेलेलं नव्हतं.

"दिसली?" धर्मेंद्रने विचारलं.

"दिसली."

"मंग उद्याबी सहाले बंद ठेवू."

डॉक्टर काय म्हणाले होते ते देवमनच्या ओठांवर आलं होतं.

"ठेवा, भाऊ," तो म्हणाला.