पंचशीला, चिंताकी

हुलसूरच्या जत्रेत भांड्यांवर नावं घालायला पंचशीला आली, ती घर सोबत घेऊनच. घर म्हणजे जुना टेंपो. आत पलंग, शेगडी, टपावर सोलरची पाटी आणि पलंगाखाली बॅटरी. मैदानातली वीज पाळणा फिरला की मान टाकायची, त्यामुळे तिचं नावं घालायचं मशीन या बॅटरीवरच चालायचं.

मागच्या जत्रेत त्यांची बॅटरी चोरीला गेली होती. नवरा प्रेमानंद म्हणजे गरीब गाय, पण या खेपेला त्यानं निक्षून सांगितलं होतं, "ही बी गेली तर टेंपो इकायचा अन् हैदराबादला वाचमन व्हायचं."

"सोताची बॅटरी राखता येईना, अन् दुसऱ्याची बिल्डिंग राखायला जायलाव व्हय?" पंचशीला म्हणाली. चाकांवरचं हे घर तिनं हट्टानं उभं केलं होतं आणि ते सोडायची तिची तयारी नव्हती.

मैदानात उतरल्याबरोबर तिनं मशीन हातात घेतलं. सोलरच्या चौकटीवर, इन्व्हर्टरवर, बॅटरीवर गावासकट ठसठशीत नाव घातलं: पंचशीला, चिंताकी. पाळणेवाला धनराज ते बघत उभा होता. जागा वाटायचं काम त्याच्याकडे, त्यामुळे अख्खं मैदान बापाचं असल्यासारखा तो वावरायचा.

"सोताचं नाव कामून घालायलीस? वाचलं की लोकांला कळतंय तुमी कुठले. एखाद्या पाटलाचं घाल, चोर भ्येतंय."

"पाटलानं इकत आणली व्हय? म्या आणली, माझंच नाव ऱ्हाईल."

धनराज हसला आणि गेला. पंचशीलाची कानशिलं तापली. असलं हसणं तिनं जन्मभर ऐकलं होतं, पण त्याची सवय काही झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं नळावर पाणी भरायला गेली आणि परत येऊन बघतात तर पलंगाखाली नुसत्या तुटक्या वायरी. प्रेमानंद मटकन खाली बसला. पंचशीला बसली नाही. पदर खोचला आणि एकेक दुकान धुंडाळत निघाली. पाळण्याच्या तिकीटखिडकीमागे तिला बॅटरी दिसली. नावाच्या जागी पॉलिश पेपरनं घासलेला पांढुरका पट्टा होता.

"ही माझी हाय."

"समद्या बॅटऱ्या सारख्याच दिसतेत," धनराज म्हणाला. "नाव कुठं हाय? दाव की!"

तोवर माणसं जमली होती. धनराजला चिंताकीची रीत कुठून ठाऊक असणार? गावजेवणाला दिलेली भांडी बदलतात, काठावरचं नाव कुणी घासूनही टाकतं, म्हणून तिकडच्या बायका बुडालाही दुसरं नाव घालून घेतात. बॅटरी उलटी करून बूड दाखवता येत नाही, आतलं आम्ल सांडतं; म्हणून काल धनराज गेल्यावर तिनं दुसरं नाव वेगळ्या जागी घातलं होतं. पंचशीलानं कंपनीच्या कागदाचा कोपरा नखानं उचकटला आणि सर्रकन ओढला. खाली नाव होतं, गावासकट.

गर्दीतून कुणीतरी ते मोठ्यानं वाचलं. धनराजचा चेहरा पडला, पण तोंड बंद झालं नाही. "घेऊन जा. फुडल्या जत्रंला तुला हितं जागा न्हाई!"

"मैदान गावाचं हाय, तुझ्या घरचं न्हाई. अन् फुडल्या जत्रंची वाट कामून बघू? आत्ता हितंच बसते."

तिनं मागे वळून पाहिलं तर तिच्यामागून आलेला प्रेमानंद गर्दीत नव्हता. आता हा सामान बांधायला गेला, असं वाटून ती रडायच्या बेतात होती. तेवढ्यात टेंपो घरघरत आला आणि बरोबर तिकीटखिडकीसमोर उभा राहिला. प्रेमानंद खाली उतरला. धनराजकडे न बघता बॅटरी उचलायला वाकला आणि गर्दीला म्हणाला, "एकट्याला उचलंना. या की कुणीतरी!"

चार माणसं धावली.

दुपारपर्यंत टेंपोसमोर रांग लागली. भांडी कमी आणि बॅटऱ्या, वजनकाटे, बल्बांच्या माळाच जास्त. बांगडीवाली नागूबाई आपला इन्व्हर्टर ओढत आली.

"नाव सांगा, अक्का."

"आमच्या मालकाचं घाल, गुंडेराव."

"ते असतेत व्हय दुकानात?"

"ते कवा आले हितं? दुकान म्याच चालवते."

पंचशीलानं मशीन बंद केलं आणि ती वाट बघत राहिली. मागं रांग खोळंबली. नागूबाईनं एकदा रांगेकडे, एकदा इन्व्हर्टरकडे पाहिलं आणि तोंडावरचा पदर काढला.

"नागूबाई," ती म्हणाली. "मोठं घाल."